आपोआप उगवलेला घोळ

कौतिकमावशी, तुमच्या दहाव्याला मी लोकांना हसवलं.

आधीच कबूल करतो, कारण तुमच्यापर्यंत ही चुगली कुणीतरी पोचवणारच. ओढ्याकाठी सगळी वस्ती जमली होती. सरपंच बोलले, तुमच्या भावकीतले दोघं बोलले, आणि मग कुणीतरी म्हणालं, "गुर्जी, आता तुमी बोला. शाळंत वीस वर्सं संगं व्हते तुमी." मला 'बोला' म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी गंभीर बोलायचं ठरवून उभा राहिलो. देवाशपथ ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि घोळाची गोष्टच बाहेर पडली. तुमचा आवाज काढून, कमरेवर हात ठेवून, सगळं साग्रसंगीत. आधी मागच्या बायका फसकन हसल्या, मग तोंडाला पदर लावून पुढच्या, मग सरपंच. तुमचा लेक नुकत्याच काढलेल्या टकलावरून हात फिरवत हसला आणि हसता हसता रडायला लागला. मला वाटलं, जमलं. मावशीला शोभेल असं झालं.

फक्त तुमची सून मंदा हसली नाही. चुकीचं उत्तर छाती फुगवून देणाऱ्या पोराकडे मी वर्गात जसा बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती. नंतर चहा देताना ती एक वाक्य बोलली. त्या वाक्यापायी मी हे लिहायला बसलोय. पण ते जागेवर येईल. मी गोष्ट शेवटापासून सांगत नसतो, हेही तुम्हाला माहीत आहे.

दुसरंही एक कारण आहे. पंधरा दिवसांनी शाळेला सुट्टी लागेल, आणि तुमच्याशिवायचा बागेचा हा पहिला उन्हाळा असेल. शाळेच्या बागा मे महिन्यात मरतात, मावशी, फाटकाला कुलूप लागल्यावर. 'आमची परसबाग' असा रंगवलेला फलक आणि त्याच्याखाली ढेकळं, अशा किती शाळा आपण दोघांनी बघितल्या! आपली बाग तेवढी उरली. ती कशी उरली, हे मी वीस वर्षं ज्याला त्याला रंगवून सांगत आलो. दहाव्याच्या दिवशी कळलं की मी चुकीचं सांगत होतो.

तर मी या शाळेवर आलो तेव्हा तिशीतला होतो. संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या मंडईजवळ वाढलेला. सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशन, तिथून पुढं मोटारसायकल. भाजी जुडी बांधूनच उगवते, अशी माझी जवळजवळ खात्री होती. तुमची माझी ओळख झाली ती शाळेत खिचडी शिजवायच्या कामाचा तुमचा अर्ज भरताना.

"वय?" मी विचारलं.

"निजामावर पोलिस ॲक्शन झाली तवा मी मायच्या पोटात व्हते."

"म्हणजे नेमकं किती?"

"आता ते तुमी काढा. मास्तर तुमी हाये का मी? मिल्ट्री बघायची राहिली माझी, येवढं मातर मला ठाव हाय."

मी बोटांवर हिशेब केला, आणि तुम्ही माझी बोटं मोजत बसलात.

बाग सुरू झाली ती डॉक्टर आले त्या आठवड्यात. शाळेच्या आरोग्य तपासणीला ते प्रत्येक लेकराची खालची पापणी ओढून बघत होते आणि नावापुढे तेच तेच लिहीत होते, रक्त कमी. दोनच दिवसांनी परिपाठाला उन्हात उभ्या असलेल्या दोन पोरी प्रतिज्ञा अर्ध्यावर असताना मटकन खाली बसल्या. एकीचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. तुम्ही तिला गूळपाणी पाजत होतात आणि मला वर बघून म्हणालात, "गुर्जी, ह्या पोरी रोज खिचडी खात्यात. तरी पडत्यात. नुसता तांदूळ किती दिस पुरंल?"

मी पेटलो. म्हणजे माझ्या पद्धतीनं पेटलो. खुर्चीवर चढून मुलांपुढे भाषण ठोकलं. किचन शेडच्या मागची पडीक जागा आपण हिरवीगार करणार, आपल्या ताटातली भाजी आपण पिकवणार, उठा, जागे व्हा वगैरे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही शेडच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "भाषणाला पाणी लागत नाय, गुर्जी. बागंला लागतं. हापसा कोण मारणार?"

हा प्रश्न तुम्हीच विचारलात आणि तुम्हीच सोडवलात. तोवर पोरं जेवून हापशाखाली घोळक्यानं ताटं धुवायची आणि चिखल व्हायचा. तुम्ही हापशापासून वाफ्यांपर्यंत खुरप्यानं एक नाळी काढलीत आणि हुकूम सोडलात, ताट धुवायचं ते नाळीच्या तोंडाशी. शंभर ताटांचं खरकटं पाणी रोज दुपारी चालत चालत बागेत जायला लागलं. पुढं मी ह्याला 'सांडपाणी व्यवस्थापन' असं भारदस्त नाव दिलं. तुम्ही त्याला शेवटपर्यंत 'उष्टं पाणी'च म्हणत राहिलात.

माझंही काही योगदान होतं, अगदीच नाही असं समजू नका. मी सुतळी धरून चौथीच्या पोरांना वाफ्याची लांबी-रुंदी मोजायला लावली, परिमिती शिकवली. जी पोरं फळ्यावर परिमितीला घाबरायची ती वाफ्याभोवती पळत पळत ती काढायला लागली. मी फुशारकीनं तुम्हाला म्हणालो, "मावशी, आज परिमिती निघाली बघा!"

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. "उकडून घालू का लेकरांला?"

आणि फुलकोबी. आपलं पहिलं भांडण तिच्यावरून झालं आणि ते कधी मिटलंच नाही. मला फुलकोबी हवी होती, ओळीनं लावलेली, प्रत्येक रोपापुढे नावाची पाटी. मंचावर शोभणारी भाजी आहे ती, मावशी, अजूनही माझं तेच मत आहे. तुमचं म्हणणं, "नवरदेवाचा फेटा हाय त्यो. दिसायला भारी. चार महिने पानी पिऊन एक दिवस पोट भरतंय." तुम्हाला एकात एक मिसळलेलं रान हवं होतं. मला शिस्त. तुम्ही म्हणायचात, "परेड करायची का भाजीला?" मी म्हणायचो, "बाग आहे, मावशी, तमाशा नाही." ही वाक्यं आपण इतक्यांदा म्हटली की पोरं मधल्या सुट्टीत आपली नक्कल करायची. तुमचं काम करणारी पोरगी नेहमी जास्त टाळ्या घ्यायची, हे मला जरा टोचायचंही.

तर होळीच्या आसपास निरोप आला की गंगापूरहून शिक्षण खात्याचे साहेब येणार, परसबागा बघणार आणि उत्तम बाग निवडणार. तुम्ही कन्नडला भाचीच्या लग्नाला गेला होतात. मी बागेत जाऊन उभा राहिलो आणि माझा जीव उडाला. फुलकोबी उन्हानं पिवळी पडत चाललेली, आणि वाफ्यात, सरीत, नाळीच्या दोन्ही कडांना, जिकडं बघावं तिकडं लालसर देठांचं, जाड पानांचं, जमिनीला चिकटून पसरणारं गवत माजलेलं. मी मोठ्या वर्गांची पोरं रांगेत उभी केली आणि सेनापतीच्या आवाजात म्हणालो, "जे ओळीत नाही ते उपटा!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक पोरगी हात वर करून म्हणाली, "सर, पण हे तर..."

"प्रश्न नंतर!" मी म्हणालो. "आधी शिस्त."

वीस वर्षं मी पोरांना सांगतोय की शंका आली की विचारा. त्या दिवशी एकीनं विचारली होती.

तासाभरात बाग टकटकीत झाली. उपटलेलं सगळं कुंपणापलीकडं फेकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही लग्नाहून थेट शाळेत आलात, हाताची मेंदीही ताजी होती. साहेब अकराला यायचे होते.

"गुर्जी, घोळ कुठंय?"

"घोळ? काही घोळ नाही, मावशी. सगळं व्यवस्थित आहे."

"तेच इचारायले मी. घोळ कुठं गेला?"

"मी असताना घोळ होईल का?"

"व्हता की! परवा मी गेले तवा ह्या टोकापसून त्या टोकापस्तोर घोळ व्हता!"

मी दुखावलो. "मावशी, हळू बोला. साहेबांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? आपल्या शाळेत आजवर कधी घोळ झालेला नाही."

पोरं माना खाली घालून हसत होती. तुम्ही कुंपणापलीकडं बघितलं. तिथं तुमच्याच शेळ्या गळ्यापर्यंत जेवून, डोळे मिटून रवंथ करत बसल्या होत्या.

"आगं माय," तुम्ही म्हणालात, "गुर्जीनं भाजी शेळ्यांला घातली, अन् फेटे सायबापुढं उभे केले!"

तेव्हा मला कळलं की घोळ ही भाजी असते. मी गवत म्हणून उपटली ती खिचडीत पडणारी, वरणात शिजणारी, लेकरांच्या पोटात जाणारी भाजी होती. तुम्ही खाली बसलात आणि पदर डोळ्यांना लावलात. मी गोष्टीत सांगतो, मावशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

साहेब आले, फुलकोबीच्या रांगेपुढं फोटो काढून गेले. बक्षीस आपल्याला मिळालं. ते घ्यायला मी गंगापूरला गेलो, मंचावर चढलो आणि पंधरा मिनिटं बोललो. परतल्यावर तुम्ही विचारलंत, "काय बोलले मंग, गुर्जी?" मी सगळं भाषण तुम्हाला हातवारे करून पुन्हा म्हणून दाखवलं. तुम्ही तांदूळ निवडत शेवटपर्यंत ऐकलंत. त्यात तुमचं नाव कुठंच नव्हतं. तेव्हा माझ्या ते ध्यानातही आलं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "चांगलं बोलले. टाळ्या लई येळ वाजल्या असतील."

मग उन्हं तापली. सकाळची शाळा सुरू झाली. फुलकोबी संपली, मेथीला फुलं आली, पालक करपला. तीन आठवडे खिचडी नुसती पिवळी होती. पोरं ताटात बघायची आणि माझ्याकडे बघायची. तुम्ही मुकाट्यानं वाढत होतात. माझ्याशी तुम्ही इतका वेळ न भांडता राहिल्याचा तो एकच काळ.

आणि एका सकाळी नाळीच्या कडेला पुन्हा ती लालसर देठं दिसली. आठ दिवसांत वाफे भरले. मी नाचायचा बाकी होतो. तुम्हाला हाताला धरून बागेत नेलं आणि म्हणालो, "बघा, मावशी, निसर्ग! एवढं मुळासकट उपटलं, तरी आपोआप आलं!"

तुम्ही वाफ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"व्हय, गुर्जी," तुम्ही म्हणालात. "आपोआप."

माझ्या गोष्टीचा शेवट हाच होता, मावशी. 'आपोआप.' हा शब्द मी दोन्ही हात पसरून म्हणायचो. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकांत म्हटला, माझ्या पोरीच्या लग्नात तिच्या सासरच्यांपुढं म्हटला, आणि तुमच्या दहाव्यालाही म्हटला. दर उन्हाळ्यात घोळ यायचा, दर वर्षी मी तुम्हाला तो दाखवायचो, आणि दर वर्षी तुम्ही म्हणायचात, व्हय गुर्जी.

दरम्यान काय काय झालं! परिपाठाला खाली बसणाऱ्या पोरी हळूहळू दिसेनाशा झाल्या. कधी ते नेमकं सांगता येत नाही. एका वर्षी लक्षात आलं की गूळपाण्याचा तांब्या कितीतरी दिवसांत कुणी मागितलाच नाही. खिचडीतली पानं वेचून भिंतीला चिकटवणारी पोरं तुम्ही वठणीवर आणलीत, तीही माझं एक भाषण न वापरता. ज्या वर्गानं भाजी खुडायची त्यानं त्या दिवशी आधी जेवायचं, बस. आपण खुडलेलं वाईट आहे असं सगळ्यांदेखत कोण म्हणेल? पहिलीतली पोरं अक्षरं ओळखायच्या आधी तांदुळजा, पाथरी, अंबाडी ओळखायला लागली. अंबाडीच्या बोंडांवर मी त्यांना गुणाकार शिकवला. पाढे चुकले तरी बोंडं खाऊन टाकायची, त्यामुळे उत्तर तपासता यायचं नाही.

आता मंदाचं वाक्य.

दहाव्याला लोक पांगले, मी झाडाखाली बसलो होतो. मंदानं चहाचा कप हातात दिला आणि म्हणाली, "गुर्जी, घोळ आपोआप नव्हता आलेला. आत्याबाईंनी पेरला व्हता."

मी हसलो. वाटलं, थट्टा करतेय.

"दोन्ही डाव," ती म्हणाली. "तुमी उपटायच्या आदी बी, अन् उपटल्यावर बी."

मग तिनं सांगितलं. दर वर्षी तुम्ही आपल्या शेताच्या बांधावरचा घोळ पिकू द्यायचात. फडक्यावर वाळवून त्याचं ते काळं, मोहरीहून बारीक बी झटकून घ्यायचात आणि पदराच्या गाठीत बांधून शाळेत आणायचात. मे महिन्यात शाळा बंद असताना रोज येऊन हापसा मारून पाणीही तुम्हीच घालायचात. मी उपटलं ते सगळं तुमच्या हातचं होतं. लग्नाहून आलेल्या बाईनं स्वतः पेरलेला वाफा उघडा बघितला आणि खाली बसून पदर डोळ्यांना लावला. आणि मी तुमच्या डोळ्यांतल्या त्या पाण्यावर वीस वर्षं हशा मिळवला.

कप माझ्या हातात तसाच राहिला. मी विचारलं, "मग त्या बोलल्या का नाहीत कधी?"

"म्या बी इचारलं व्हतं एकडाव. म्हनलं, आत्याबाई, त्यो मास्तर समद्या गावाला सांगत फिरायलाय आपोआप म्हून, तुमी बोलत काहून नाय? तर म्हनल्या, गुर्जी वरमला तर बागंत यायचा नाय. मास्तर आला नाय तर लेकरं यायची नायत. वाटू दे त्याला त्याची बाग हाय म्हून. त्याच्या वाटण्यानं माझ्या घोळाला काय व्हतंय?"

मावशी, मी बोलघेवडा माणूस. मी गार झालेला चहा पिऊन टाकला आणि कप विसळून ठेवला.

घरी येताना गाडीत बसून मी आधी शरमलो, मग तुमच्यावर चिडलो. एवढं मोठं नाटक, आणि मला त्यात पात्र करून ठेवलंत! मी स्वतःला नट समजत होतो. स्टेशनं मागे पडत गेली तसा राग गेला आणि मला हसू यायला लागलं. समोरच्या बाईनं तिचं लेकरू जवळ ओढून घेतलं. कशी जगली ही बाग, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी पाणी सांगितलं, खत सांगितलं, लोकसहभाग सांगितला. एक म्हातारी बाई आपलं श्रेय पदराच्या गाठीत बांधून ठेवते आणि मास्तरला बागेत येत राहू देते, हे मला ठाऊकच नव्हतं. शिक्षणशास्त्राच्या पदवीला असताना आम्हाला विद्यार्थ्याचा आत्मविश्वास कसा जपावा, यावर लांबलचक प्रश्न यायचा. तुम्ही तो माझ्यावर सोडवून दाखवलात, आणि विद्यार्थ्याला पत्ता लागू दिला नाहीत.

तुमचे आभार मानायचे राहिले, असं मी म्हणणार नाही. मी किती आभार मानलेत तुमचे! खिचडीबद्दल मानले, चहाबद्दल मानले, माझ्या डब्यात गुपचूप ठेवलेल्या ठेच्याबद्दल मानले. फक्त ज्यासाठी मानायला हवे होते ते सोडून सगळ्यासाठी मानले. आता मानतो. बाग माझी आहे असं मला वाटू दिलंत त्याबद्दल. मी वाईट माळी होतो तरी मला बागेतून हाकललं नाहीत त्याबद्दल. फुलकोबीवरचं माझं मत मात्र तसंच आहे. ते भांडण मी एकटा चालू ठेवीन.

काल रविवार होता. मी सकाळच्या गाडीनं निघालो तेव्हा बायकोनं विचारलं, "सुट्टीच्या दिवशी शाळा कसली?" म्हटलं, भाजी आणायला चाललोय. "औरंगपुऱ्याची मंडई घरामागं असताना?" म्हटलं, हो. या मेमध्ये रोज जाणार आहे, तेही आत्ताच सांगून ठेवलं. माझं भाषण आठवडाभर टिकतं, असा तिचा अनुभव आहे.

मंदा फाटकाशी आली होती. तिच्या पदराला गाठ होती. मी वाफ्याच्या कडेला, माझ्या नेहमीच्या जागी, जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "हे बी कसं टाकतात?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. वीस वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होतो, हे तिलाही माहीत असावं.

"खोल नाय गाडायचं. वर वर टाकायचं, अन् हातानं थापटायचं." तिनं गाठ सोडून चिमूटभर बी माझ्या तळहातावर ठेवलं. मी वाफ्यात पाऊल टाकणार तेवढ्यात ती ओरडली, "गुर्जी! चपला घालून कुठं चालले? काढा आदी!"

मी चपला काढल्या आणि पहिल्यांदाच अनवाणी आत उतरलो. वर ऊन पेटलं होतं, आणि माती घोट्यापर्यंत गार होती. मावशी, हेही तुम्ही मला सांगितलं नाहीत.